गोधडीतला लॅपटॉप

आजवर माझ्या हातून एकच पेशंट दगावता दगावता राहिला, आणि तो लॅपटॉप होता.

गंगापूर रोडला माझं औषधांचं दुकान आहे. सव्वीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. मी डॉक्टर नाही. पण गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याला ताप किती ते ओळखतो. (माझ्या बायकोचं, सुनंदाचं, मत वेगळं आहे. ते तिने न विचारताच सांगितलेलं आहे.)

मुलगी केतकी एमएस्सीला. द्राक्षाच्या पानांचे हजारो फोटो लॅपटॉपला दाखवून त्याला रोग ओळखायला शिकवायचं, हा तिचा प्रोजेक्ट. लॅपटॉप आठ वर्षांचा म्हातारा. शुक्रवारी दुपारी तिने त्याला कामाला जुंपलं, ते काम संपणार रविवारी रात्री. सोमवारी सबमिशन. आणि शनिवारी नेमकं मैत्रिणीचं लग्न, घोटीला!

"बाबा, मध्ये बंद पडला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. हात लावू नका. कोपऱ्यात टेम्परेचर दिसतंय, तेवढं बघा. गडबड वाटली तर फोन करा."

"टेम्परेचर? मला सांगतेस?"

ते किती असावं, हे मी विचारलं नाही. सव्वीस वर्षं थर्मामीटर विकणाऱ्या माणसाने असले प्रश्न विचारायचे नसतात!

शनिवारी सकाळी ती गेली आणि मी चहा घेऊन ड्यूटीवर बसलो. बाहेर जानेवारीची थंडी, कानटोपीतही कान दुखतील अशी. कोपऱ्यात आकडा होता ७२.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बहात्तर! नॉर्मल किती? अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! बहात्तरवाला माणूस औषधाच्या दुकानात येत नाही, त्याला परस्पर अमरधामला नेतात!

"सुनंदा! लवकर ये! हा गार पडलाय!"

ती पोळ्या टाकून धावत आली. "अहो, कोण?"

"लॅपटॉप! ऐक, कसा कुडकुडतोय!" आतला पंखा घर्रघर्र करत होता.

"यंत्र आहे ते. गार असलं तर बरंच की! नाहीतर केतकीला विचारा."

"लग्नात पोरीला कशाला घाबरवायचं? मी आहे ना!"

आमच्या घरातली बहुतेक संकटं या तीन शब्दांनी सुरू होतात.

आधी शाल घातली. पंच्याहत्तर. मग वरून गोधडी, चारी बाजूंनी खोचून. फक्त स्क्रीन बाहेर. ब्याऐंशी. कुडकुडणं काही थांबेना, उलट वाढलं! मग दुकानातली शेकायची रबरी पिशवी आणली, गरम पाणी भरलं आणि खाली सरकवली. अठ्ठ्याऐंशी... चौऱ्याण्णव... अठ्ठ्याण्णव!

"नॉर्मल!" मी ओरडलो. "याला म्हणतात अनुभव!"

फोटो काढून केतकीला पाठवला. 'काळजी नसावी. सकाळी ७२ होता, आता ९८. आराम आहे.' तेवढ्यात घरघर थांबली. मी सुनंदाला हळूच म्हणालो, "झोप लागली बिचाऱ्याला."

फोन वाजला. मागे बँडचा दणदणाट.

"बाबा! गोधडी काढा! आधी काढा!"

"अगं, पण बहात्तरवर आला होता..."

"बहात्तरला तो मस्त चालला होता! एवढ्या कामात सत्तर-ऐंशी चालतं त्याला. नव्वदच्या वर धोका, शंभरच्या आसपास आपोआप बंद पडतो. ते सेल्सियस आहे, बाबा! अठ्ठ्याण्णवला पाणी उकळायला येतं!"

मी गोधडी ओढली. स्क्रीन काळी. बटण दाबलं, ढिम्म! फोनवर तिचा हुंदका ऐकू आला, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मलाही रडू आलं. आपण वाट लावली! पोरीच्या कष्टांची पार वाट लावली!

केतकी अक्षता टाकून, न जेवता परतली. संध्याकाळी लॅपटॉप सुरू झाला, पण केलेलं काम गेलं ते गेलंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं; ती एक शब्द बोलली नाही. सुनंदाही बोलली नाही, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

सोमवारी तिने सरांकडे मुदत मागितली. ते म्हणाले, "कारण लेखी द्या, खाली पालकांची सही आणा."

केतकीने अर्ज माझ्यापुढे ठेवला. 'माझ्या वडिलांनी लॅपटॉपला थंडी वाजते असे समजून त्यास गोधडीत गुंडाळले व गरम पाण्याच्या पिशवीने शेकले. सबब, आठ दिवसांची मुदत मिळावी.'

"अगं, हे कुणाला खरं वाटणार नाही!"

"म्हणून दुकानाचा शिक्कापण मारा," ती म्हणाली. दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य!

सही केली, शिक्का मारला. मुदत मिळाली. सरांनी म्हणे अर्ज गंभीरपणे वाचला, पण शिक्का बघून त्यांना हसू आवरेना. त्यावर दुकानाच्या नावाखाली मी हौसेने कोरून घेतलंय, 'येथे तज्ज्ञांचा सल्ला मोफत मिळेल.'