सईला माती दिली तो दिवस

देवावर राग धरून देवाचंच नाव घेणं किती अवघड असतं, ते मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. लग्न होऊन रिठदला आले तेव्हापासून वाशीमच्या बालाजीवर माझी श्रद्धा. पहिल्यांदा सासूबाई घेऊन गेल्या, पुढे मीच जात राहिले. पेरणी झाली की जायचं, सोयाबीन घरात आलं की जायचं, मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जायचं, मुलाला नोकरी लागली तेव्हा जायचं. देव ऐकतो, असा माझा अनुभव होता. आज विचार करते तेव्हा वाटतं, तोवर मी त्याच्याकडे जे काही मागितलं ते साधारण मिळण्यासारखंच होतं. खरं मागणं माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते सईसाठी, आणि ते त्याने दिलं नाही.

सई आमच्या पोटची नव्हती. मुलं आपापल्या संसाराला लागली आणि घर सुनं झालं. माझी धाकटी जाऊ अंगणवाडीत आहे, तिच्याकडून कळलं की शिशुगृहातल्या लेकरांना काही काळ घरात ठेवून वाढवतील अशी कुटुंबं हवी असतात. दत्तक नाही, फक्त सांभाळायचं. पुढे त्या लेकराला कायमचे आईबाप मिळाले किंवा रक्ताचं कोणी आलं, तर हसतमुखाने द्यायचं. मला ते जमेल असं वाटलं. चौकशा झाल्या, साहेब लोक घर पाहून गेले, आणि सईबद्दल आम्हाला सांगण्यात आलं. ती चालायला लागलेली होती, पण तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. म्हणून तिला दत्तक घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. वजन वाढलं की शस्त्रक्रिया करता येईल, पण खात्री कोणी देत नाही, असं जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयातल्या मॅडमनी सरळ सांगितलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "आजारी हाय म्हनूनच तर तिले घर पायजे."

अशी सई आमच्या घरी आली. तिला मावशी म्हणायला शिकवा, असं सांगितलं होतं. काही दिवस ती मावशी म्हणाली. मग शेजारच्या पोरांचं ऐकून आई म्हणू लागली. मी दुरुस्त केलं नाही. चार पावलं चालली की तिला धाप लागायची, ओठ जांभळे व्हायचे, आणि ती होती तिथेच उकिडवी बसायची. नवख्या माणसाला वाटायचं, खेळतेच आहे. ती बसायची तिथे आजूबाजूचं सगळं निरखायची. मुंग्यांशी बोलायची, कोंबडीला शहाणपण शिकवायची, बकरीच्या पिल्लाचे कान धरून त्याला काहीबाही सांगायची. जाणाऱ्या येणाऱ्याला म्हणायची, "बस ना." तिला बसावं लागायचं म्हणून सगळ्या जगानेच थोडं बसावं, असा तिचा हिशोब असावा. आमच्याकडे कामाच्या घाईत असलेली माणसंसुद्धा तिच्या बोलण्याला हसून दोन घटका टेकायची. आमचे हे तर पिकात औताची पाळी घालायचं सोडून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिच्याशेजारी बसून राहायचे.

एक पावसाळा आणि एक दिवाळी ती आमच्याकडे होती. वजन थोडं थोडं वाढत होतं. थंडीत तिला ताप भरला आणि छाती घरघरू लागली. वाशीमला दवाखान्यात नेलं. निमोनिया होता, आणि आधीच दमलेल्या त्या हृदयाला तो झेपत नव्हता. डॉक्टरांनी मोठ्या शहरात हलवायचा विचार केला, पण प्रवासातच काही होईल अशी तिची अवस्था होती. त्यांनी आपल्या परीने सगळं केलं, याबद्दल माझ्या मनात आजही किंतु नाही.

माझं जे होतं ते देवाशी होतं. मी बालाजीला नवस बोलले. अनवाणी येईन म्हणाले, गोड सोडेन म्हणाले, माझं आयुष्य तिला दे म्हणाले. धाकट्या जावेने पाठवलेला अंगारा मी घडीघडी तिच्या कपाळाला लावत होते. कोणी दोरा दिला तो बांधला, कोणी फूल दिलं ते उशीखाली ठेवलं. डोळे मिटून माझा जप चाललेला असायचा, आणि जपाच्या मध्येमध्ये मी देवाशी भांडत होते, की एवढ्या वर्षांत तुझ्याकडे काय मोठं मागितलं होतं मी?

दवाखान्यातच मला पंचफुलाबाई भेटल्या. मानोऱ्याकडच्या इंझोरीच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांचा भाऊ दुसऱ्या वॉर्डात होता. पाण्याच्या नळापाशी एकदोनदा गाठ पडली, तेवढीच ओळख. एके दिवशी दुपारी त्या भाकरी घेऊन आमच्या खाटेपाशी आल्या. "खाऊन घ्या थोडं. पोरगी तुमची का?"

"माही म्हनजे," मी म्हणाले, "सांभाळाले घेतली."

"मंग तुमचीच व माय."

त्या खाटेच्या कडेला टेकल्या. मी दोन घास खाल्ले आणि सवयीने पुन्हा अंगाऱ्याची पुडी उघडली. सईने मान फिरवली. पंचफुलाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, राग नका मानू. तुमी घडीघडी देवाकडं पाहून राह्यल्या. थे लेकरू कवापासून तुमच्याकडं पाहून राह्यलं."

मला राग आला. परक्या बाईने मला शिकवावं? पण मी सईकडे पाहिलं. खरंच ती माझ्याकडे बघत होती. नाकात नळी, डोळे मोठे झालेले, आणि त्या डोळ्यांत भीती होती. आजाराची असेलही, पण माझ्या तोंडावरची भीती पाहून ती घाबरली होती, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. मी पुडी बाजूला ठेवली. नर्सला विचारून तिला नळीसकट मांडीवर घेतलं आणि बकरीच्या पिल्लाची गोष्ट सांगायला लागले. पिल्लाने कसा माझा पदर खाल्ला, मग कसा मार खाल्ला, मग बाबांच्या पाठीमागे कसं लपलं. पंचफुलाबाई मधूनच बकरीचा आवाज काढत होत्या. सई हसली. आवाज आला नाही, पण ओठ हलले. तिने माझं बोट धरलं. त्यानंतर मी तिच्यासाठी काहीही मागितलं नाही. मनात मागणं उरलंच नव्हतं असं नाही, पण तेवढी जागाच मोकळी नव्हती, कारण ती तिने भरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं तेव्हा सई माझ्या मांडीवरच गेली. तिचं अंग सैल होतं, कपाळावर आठी नव्हती.

पुढचं सगळं कायद्याप्रमाणे झालं. लेकरू सरकारच्या ताब्यातलं, म्हणून पोलीस आले, पंचनामा झाला, तपासणी झाली, बालकल्याण समितीची परवानगी घ्यावी लागली. त्या बालसंरक्षणाच्या मॅडम सगळीकडे धावत होत्या आणि मध्येच तोंड फिरवून डोळे पुसत होत्या. शेवटी त्यांनी सांगितलं, तुमची इच्छा असेल तर तुम्ही नेऊ शकता. हे गावाकडे तयारीला गेले. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. आमचे चुलतदीर, भावकीतले मोठे, म्हणाले होते की पोर कोणाची, कोणत्या जातीची, काही ठाऊक नाही, आपल्या भावकीच्या मसणवटीत माती कशी देणार? "म्या जास्त बोललो नाही," हे म्हणाले. "आपल्या वावरात देऊ. तू ये तिले घेऊन."

मी दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बसले होते. गाडी यायची होती. माझ्या मनात तेव्हा दुःखापेक्षा लाजच जास्त होती. जिवंतपणी जिच्याजवळ सगळा गाव बसला, तिला मेल्यावर बसायला जागा नाही. आणि हे सगळं ज्याने घडवलं त्याच्याकडे मी जन्मभर फेऱ्या घातल्या. त्या घडीला माझ्यापाशी देव नव्हता, हे मी लपवत नाही.

समोर पंचफुलाबाई उभ्या दिसल्या. हातात पिशवी. सकाळी त्यांचा भाचा भावापाशी थांबायला आला होता आणि त्या घरी निघाल्या होत्या, एवढं मला माहीत होतं. "तुमी गेल्या नाही?" मी विचारलं.

"एकल्या कशा जासान लेकराले घेऊन?" त्या म्हणाल्या. "चाला, मी येतो."

त्या माझ्याबरोबर गाडीत बसल्या. सईचे पाय त्यांच्या मांडीवर होते, डोकं माझ्या. रिठदला आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा बाया जमलेल्या होत्या, पण आपापल्या ओट्यावर, दारात, थोड्या अंतरावर. मनात वाईट वाटत असणारच, पण मोठ्यांचा शब्द कानावर गेला होता. सईला अंगणात चटईवर ठेवलं. न्हाऊ घालायचं होतं. मी बादलीत पाणी भरून आणलं आणि तिथेच थबकले. माझे हात उठेनात. कोणी पुढे येईना.

पंचफुलाबाईंनी चपला काढल्या, चटईशेजारी मांडी घालून बसल्या, बादलीत हात घातला आणि मान वर करून म्हणाल्या, "हे पानी थंड हाय. कोमट करून आना कोनी. थंडीचे दिवस हायेत, लेकराले थंड पानी नको."

मग समोरच्या ओट्यावरून कोणाचा तरी हुंदका फुटला. माझी धाकटी जाऊ धावत घरात गेली आणि चुलीवरचं पातेलं घेऊन आली. तिच्यामागून शेजारची आली, तिच्या हातात टॉवेल होता. मग दुसरी, तिसरी. कोणी तिचे केस विंचरले, कोणी आपल्या नातीचं नवं झबलं आणलं. चटईभोवती इतक्या बाया झाल्या की मला मागे सरकावं लागलं.

वावरात तुरीच्या कडेला ह्यांनी जागा केली होती. माती देताना मागे कोणी तरी येऊन उभं राहिलं. पाहिलं तर चुलतदीर होते. त्यांनी पायातल्या चपला बांधावर काढल्या, वाकून ओंजळभर माती घेतली, आणि ती खड्ड्यात हळूच सोडली. हे त्यांच्याकडे पाहून फक्त "या दादा" म्हणाले. त्यावर आजपर्यंत आमच्या घरात दुसरं काही बोलणं झालेलं नाही, आणि व्हावं असं मला वाटतही नाही.

पंचफुलाबाई संध्याकाळच्या आत परत गेल्या. त्या गडबडीत मी त्यांना धड पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी देवापुढे बसले नाही. तुरी निघाल्यावर एक दिवस हे म्हणाले, इंझोरीला जाऊन येऊ. मोटारसायकलवर गेलो. गावात विचारलं तर लगेच घर सापडलं. त्या अंगणात हरभरा पाखडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला. घरात बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, समोर ताजी फुलं. त्यांनी चहा केला. मी म्हणाले, "त्या दिवशी तुमी नसत्या तर माह्यं काय झालं असतं? मले वाटते तुमाले बालाजीनंच धाडलं."

त्या हसल्या. "तुमच्या बालाजीची अन् माही वळख नाही बाई. आमी वंदना करतो, नवस करत नाही." मग सुपातला हरभरा पुन्हा पाखडत म्हणाल्या, "पन एक सांगतो. त्या दिवशी मानोऱ्याची बस लागली होती. मी चढली बी होती, जागा बी भेटली खिडकीपाशी. मंग उतरली. काहून उतरली, थे मले अजून समजलं नाही."

परतीच्या वाटेवर मी ह्यांना म्हटलं, वाशीमला थांबू. देवळात रांग होती. रांगेत उभी असताना मी पंचफुलाबाईंच्या त्या उतरण्याचा विचार करत होते. कोणी उतरवलं, हे त्यांना माहीत नाही, मला माहीत नाही, आणि ते ठरवून मला काही मिळवायचंही नाही. मी सईचं आयुष्य मागत होते. ते माझ्या हातात नव्हतं, माझ्या नवसातही नव्हतं. पण तिचा शेवट भीतीत होऊ नये, तिला कोमट पाण्याने न्हाऊ घालावं, तिच्याभोवती माणसं असावीत, हे मागायचं मला सुचलंही नव्हतं, आणि ते सगळं न मागता झालं. सोपवणं म्हणजे हरणं, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, मी जिथपर्यंत पाहू शकते त्याच्या पलीकडचंही कोणीतरी पाहतंय, एवढं मान्य करणं म्हणजे सोपवणं.

ह्या वर्षी तुरीत पाळी घालताना ह्यांनी सईच्या जागेपाशी औत वळवून घेतलं. अंगणात कोणी लेकरू उकिडवं बसलेलं दिसलं की मी अजून रडते. रागही कधीकधी परत येतो. तरी मी जाते. बालाजीसमोर माझी पाळी आली की हात जोडून म्हणते, थोडे दिवस का होईना, तिला माझ्याकडे ठेवलंस, आणि जाताना एकटं सोडलं नाहीस. मग मागच्या माणसाला दर्शन घेता यावं म्हणून बाजूला होते.