बयाबाईचा बोलका डबा

...आणि बयाबाईच्या हातातला झारा तसाच कढईवर थांबला. समोरच्या टपरीतून ती डब्यातली बाई पुन्हा गोड आवाजात बोलली होती, "एकशे चाळीस रुपये मिळाले." काल गोष्ट इथवर आली, आणि नेमका चहा आला म्हणून पुढचं राहून गेलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगायला हवं. बयाबाई औंढ्याची. भुशी धरणाच्या रस्त्याला तिची कांदाभज्यांची टपरी, आणि तीही त्या रस्त्याला दुसरी टपरी नव्हती तेव्हापासूनची. पुढं कधीतरी तिच्या बरोब्बर समोर टपरी टाकली ती सारिकानं. सारिका म्हणजे बयाबाईच्या चुलतदिराची बायको. जावेनं नवं लुगडं घेतलं तर दोन दिवस पोटात दुखतं; जावेनं समोरच दुकान मांडलं तर ते दुखणं रोजचंच. बयाबाईनं तेही सोसलं. पण मोबाइलवरून पैसे बँकेत पडले की रस्त्याला ऐकू जाईल असं बोलणारा तो डबा सारिकानं आणला, आणि तिथं बयाबाईची सोसणूक संपली.

पुण्या-मुंबईची पोरं भिजून यायची, आधी हिच्याच कढईचा वास घ्यायची. मग विचारायची, "मावशी, ऑनलाइन चालेल का?"

"न्हाई बाबा, रोख दे."

पोरं ओले खिसे चाचपायची आणि रस्ता ओलांडून सारिकाकडे जायची. लगेच डबा बोलायचा. तो बोलला की बयाबाईच्या भज्यांत मीठ दोनदा पडायचं.

तिचा नवरा भिमाजी टपरीच्या बाकड्यावर बसून हे बघायचा. "आगं, तिला पैसं येत्यात, तुला का कळा येत्यात?"

"तुमी च्या प्या गप."

शेवटी एका मंगळवारी ती लोणावळ्याला बँकेत गेली. तिथं तेजल नावाची मुलगी होती. तिनं सगळं नीट सांगितलं. दुकानासाठी करंट खातं लागेल, त्यात शिल्लक ठेवावी लागेल, शिल्लक घटली तर दंड, डब्याचं भाडं दर महिन्याला वेगळं. बयाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, मला भज्याच्या प्लेटीत सांग."

तेजल हसली, पण तिनं हिशेब केला. "डब्याचं भाडं दोन प्लेट. दंड पडला तर दहा प्लेट धरा. मोबाइलवरून जे पैसे येतील, त्यातलं बँक काही कापणार नाही."

"आन् रोखीला काय खर्च येतो, ते नाय सांगितलंस."

"रोखीला कसला खर्च, मावशी?"

"सुट्टं न्हाई म्हणून गिऱ्हाइकाला गोळ्या द्यायच्या, त्याची झाली एक प्लेट. बाजारातनं सुट्टं आणायचं, ते देणारा वर पैसं घेतो, ती दुसरी. पावसात भिजून नोट फाटली, तर आख्खी प्लेटच गेली. म्हंजी डबा काय म्हाग न्हाई. बसव."

बँकेत तिनं बरोबरी मांडली ती डब्याची आणि रोखीची. मनात बरोबरी वेगळीच चालली होती.

डबा आला. बयाबाईनं तो फळीवर असा ठेवला की तोंड थेट सारिकाकडे, आणि आवाज होता तेवढा मोठा केला. पहिले चार दिवस ती गिऱ्हाइकाला भजी द्यायच्या आधीच म्हणायची, "टाका, टाका, आमच्यातबी चालतं." सारिकाचं तोंड बघून तिला रात्री शांत झोप लागली म्हणतात.

पण गिऱ्हाईक कधी इकडे, कधी तिकडे. एखाद्या दुपारी सारिकाचाच डबा लागोपाठ बोलायचा आणि बयाबाईचा मुका. मग तिनं काय करावं? भिमाजीला घरी औंढ्याला बसवला आणि सांगितलं, "दुपारच्याला मला पाचशे पाचशे धाडत ऱ्हावा."

"माझंच पैसं तुला धाडू?"

"घरातच ऱ्हात्यात की. सांजच्याला रोख परत देते."

आणि रस्त्यावर डबा गर्जायला लागला. पाचशे रुपये मिळाले. पाचशे रुपये मिळाले. समोर सारिका पिठात पाणी जास्त घालायला लागली. बयाबाईला वाटलं, देव आहे.

भिमाजीचं मात्र काम वाढलं. रोख घ्यायची, वडापच्या गाडीनं लोणावळ्याला जायचं, बँकेच्या रांगेत उभं राहून पुन्हा आपल्या खात्यात भरायची, की उद्याच्या पाचशेची सोय झाली. जाऊन-येऊन भाडं, वर चहा. पुढं बँकेनंही त्याला सांगितलं की महिन्यात इतक्यांदा रोख भरली की पुढच्या वेळेला पैसे पडतात. तो संध्याकाळी येऊन म्हणाला, "बये, तुजंच पैसं तुला द्यायला सा प्लेटा गेल्या."

"जाऊ द्या. तिच्या किती गेल्या असतील, त्ये बघा."

पावसाळा सरला, थंडी सरली, गावची जत्रा जवळ आली. जत्रेला घरटी पट्टी, म्हणजे वर्गणी, असते, आणि कुणाची किती हे गावकमिटी ठरवते. कमिटीचे अंबाजी आबा वही घेऊन टपरीवर आले, बाकड्यावर भिमाजीशेजारी टेकले.

"बया, औंदा तुजी पट्टी दुप्पट धरलीय."

"का वं आबा?"

"मला इचारतीस? पावसाळाभर हितंच च्या प्यालो. या कानांनी ऐकलंय. पाचशे, पाचशे, पाचशे. येवढी भजी तर आख्ख्या मावळात कुणी तळत न्हाई."

"आन् समोरची?"

"सारिकाची गेल्या सालाइतकीच. तिचा डबा शंभर-दीडशेच्या वर जात न्हाई."

समोर सारिकानं गॅस बारीक केला. कांदा चिरायचा सोडून ती नुसती कान देऊन उभी राहिली.

भिमाजीनं कप खाली ठेवला. "आबा, त्याचं असं हाय, की त्ये पाचशे..."

बयाबाईनं झारा कढईच्या काठावर असा आपटला की त्याचं बोलणं तिथंच राहिलं. खरं सांगितलं की पट्टी निम्मी होणार होती, हे तिला कळत होतं. पण सांगायचं कुठं, तर रुंदीनं एका जीपगाडीपुरत्या रस्त्यावर, आणि पलीकडं जाऊ उभी. उद्या सगळं औंढं हसलं असतं, आणि सगळ्यांत आधी ती.

अंबाजी आबा मनानं भले. तिचा चेहरा बघून म्हणाले, "जास्त वाटत आसंल तर सांग, कमिटीला सांगून कमी करतो. आन् आत्ता न्हाई दिलीस तरी चालंल. कमिटीनंबी बँकेत खातं काढलंय. घरी बसून मोबाइलवरनं टाक."

बयाबाईनं पदराला हात पुसले, एकदा समोर बघितलं आणि म्हणाली, "एक पैसा कमी करू नका, आबा. पण मोबाइलवरनं न्हाई टाकायची मी. त्यो डबा आलेलं तेवढं सांगतो, गेलेलं सांगत न्हाई. रोखच देते, हितं रस्त्यात उभी ऱ्हाऊन, आन् तुमी जरा मोठ्यानं मोजा."