आबांच्या अंगणातलं प्रतिद्रव्य

जन्मभर फिजिक्स शिकवलं, पण त्याचे किस्से साठले ते रिटायर झाल्यावर, मांडवगणात दूध डेअरीसमोरच्या बाकावर. एकदा मी तिथं प्रतिद्रव्याचा विषय काढला, तो अजून चालूच आहे.

●

मी सांगितलं, विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच होतं. दोन्ही भेटले की दोन्ही संपतात, उरतो फक्त प्रकाश. तरी अब्जात एखादा कण द्रव्याचा जास्त निघाला. त्या उरलेल्यातून आपण झालो.

"म्हंजी एक मत फुटलं," आबा म्हणाले. ते माजी सरपंच. "कुणाचं?"

ते शास्त्रज्ञांना अजून सापडलेलं नाही, हे मी कबूल केलं.

"आमच्यात दुसऱ्या दिवशी कळतं, सर."

●

झेंडूची शेती करणारे आप्पाही तेव्हा बाकावर होते. पाचव्या दिवशी म्हणाले, एवढ्या थोडक्यात वाचलोय आन् आपण बांधावरनं भांडतोय. त्याच दिवशी त्यांनी भावाला फोन केला. आठवड्यानं दोघं पुन्हा बांधावर भांडत उभे!

●

आबांच्या बायकोचं, यमुनाकाकूंचं, मागच्या वर्षी कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आजार परत आलाय का, हे बघायला पुण्याच्या डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला. मी आबांना समजावलं, की त्यात साखरेतून प्रतिद्रव्य सोडणारं औषध देतात. आजार साखर जास्त ओढतो, म्हणून द्रव्य-प्रतिद्रव्य भेटून उजेडही तिथंच जास्त निघतो.

उपाशीपोटी जायचं होतं. वाटेत पाहुण्यांचं गुऱ्हाळ लागलं. आमच्याकडे गुऱ्हाळावरून रस न घेता कुणी पुढं जात नाही. काकूंनी मान राखायला अर्धा पेला घेतला, आणि हॉस्पिटलनं आम्हाला परत पाठवलं. गाडीत मीही होतो. मीही रस प्यालो आणि त्यांना अडवलं नाही, याची लाज अजून वाटते.

●

पुढच्या तारखेला स्कॅन झाला. औषधाचे किरण अंगातून निघत राहतात, आज कुणाच्या जवळ बसू नका, असं तिथं बजावलं होतं. म्हणून घरी आल्यावर काकू अंगणाच्या टोकाला खाटेवर एकट्या बसल्या.

दिवस मावळायला रिपोर्ट फोनवर आला. आबांनी तो मला वाचायला दिला.

"किती ठिकाणी उजेड हाय?"

"तीन," मी म्हणालो.

आबा उठले, अंगण ओलांडून गेले आणि काकूंना खेटून बसले. आज लांब बसायचंय, अशी मी आठवण करून दिली.

"तुम्हीच सांगितलंय न्हवं, सर," आबा म्हणाले, "दोघंबी संपत्यात म्हणून."