टेबलाला आधी कळतं

दिंडोरी रोडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आम्ही बाया एका टेबलाला काम करतो. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, दिसतात ते फक्त डोळे. तरी कुणाला दिवस गेले की डॉक्टरच्या आधी आमच्या टेबलाला कळतं! दर सीझनला एखादा किस्सा वाढतोच.

*

माल टिकावा म्हणून पेटीत घडांवर औषधाचा कागद ठेवतात. वास असा, की नाकात झिणझिण्या येतात. सुनीता कायम तिथंच बसायची, कधी शिंकली नाय. एक दिवस म्हणाली, "मला कात्रीकडं बसू द्या."

आमच्यात सगळ्यात जुन्या लताकाकू. खराब मणी कापता कापता, मान वर न करता म्हणाल्या, "पाळी चुकली का गं?"

"काय काकू! सर्दी झालीय."

ती सर्दी आता अंगणवाडीत जाते!

*

काकू चुकतातही. मंदा चोरून आंबट मणी खायची. काकूंनी सगळ्यांना डोळ्यांनी खूण केली. झालं! मंदाला खुर्ची मिळाली, क्रेट उचलणं बंद. आठवड्यानं तीच म्हणाली, "पाळी आलीय, पोट लय दुखतंय. घरी जाऊ?"

काकू भडकल्या. "मग आधी बोलली का नाय?"

"मला कुणी विचारलं? खुर्ची दिली, बसले!"

*

आमचे सुपरवायझर नवीन लग्नाचे. एकदा टेबलापाशी घुटमळत म्हणाले, "काकू, मिसेस मला जवळ येऊ देत नाही. म्हणते, वास येतो. मी साबणसुद्धा बदलला."

"साबण राहू द्या साहेब. मेडिकलमधून टेस्टची पट्टी न्या!"

साहेब लाजून जे गेले, ते दुसऱ्या दिवशी पेढे घेऊनच आले.

*

आता माझं. माझ्या थोरलीच्या, परीच्या वेळी मला पहिल्यापासून उलट्या होत्या. दुसऱ्या खेपेला एकही उलटी झाली नाही, आणि दोन महिन्यांतच गर्भ पडला. ह्या खेपेला पट्टीवर दोन रेघा आल्या, पण उलटी नाही. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना होतातच असं नाही. सगळं ठीक आहे." पण माझं मन कुठं ऐकतंय! रोज सकाळी उठून वाट बघायची, मळमळतंय का, मळमळतंय का. टेबलाला काही बोलले नाही. आमच्याकडं तिसरा महिना भरेपर्यंत सांगत नाहीत, आणि मागच्या वेळी मी सगळ्यांना सांगून बसले होते.

एक दिवस जेवायच्या सुट्टीत सुनीतानं डबा उघडला. लसणाची खमंग फोडणी दिलेली मेथी. माझ्या पोटात असं ढवळलं, की पळत नळापाशी गेले. ओकले आणि हसायलाच लागले. ओकतेय आणि हसतेय! डोळ्यांतून पाणी.

तोंड धुऊन परत आले. सगळ्या खाली मान घालून जेवत होत्या. कुणी काही विचारलं नाही. काकूसुद्धा भाकरी मोडत राहिल्या. मला वाटलं, चला, वाचले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी डबे उघडले. दहीभात, साधं वरण, उकडलेले बटाटे. एकाही डब्यात फोडणी नाही.

सुनीता घास गिळत म्हणाली, "आमच्याकडं लसूणच संपला होता."

"आमच्याकडं पण," मंदा म्हणाली.

काकूंनी माझ्याकडं न बघता मिठाची पुडी पुढं सरकवली. "यंदा लसूण लवकरच संपला बाई सगळ्यांचा!"