नानांचा दांडा आणि भरिताचं बोलावणं

परवा धुळ्याला भाचीकडे गेले होते. ती एका सामाजिक संस्थेत आहे, दर महिन्याला त्यांचं वार्तापत्र ईमेलने पाठवते. "मावशी, कुणी उघडूनसुद्धा बघत नाही गं," म्हणाली आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

झकास फोटो, भलेमोठे शब्द... आणि वाचता वाचता मला एकदम सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आला. खरंच आला हो!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धरणगावात एक छोटी संस्था होती, आजूबाजूच्या खेड्यांत बालवाड्या चालवायची. मी तिथे टायपिस्ट. मुंबई-पुण्याच्या देणगीदारांना आम्ही वार्तापत्र पाठवायचो. स्टेन्सिल मी टाइप करायची आणि प्रती काढायच्या मशीनचा दांडा आमचे अध्यक्ष नाना फिरवायचे.

नाना निवृत्त हेडमास्तर. मजकूर त्यांचाच... 'संस्थेची उत्तरोत्तर प्रगती', 'आपले बहुमोल सहकार्य' वगैरे. टाइप करताना माझीच बोटं पेंगायची, तर वाचणाऱ्याचं काय होत असेल! उत्तर कधी कुणाचं आलं नाही.

त्या वर्षी मात्र एक उत्तर फार हवं होतं. जवळच्याच एका खेड्यात शेवंताबाईंची बालवाडी होती, कुणाच्या तरी घराच्या पुढच्या खोलीत. आता आपल्याकडे कापूस घरात आला की माणसांनाच अंग चोरून बसावं लागतं, तिथे बालवाडी कोण ठेवणार? घरमालक म्हणाले, यंदा खोली सोडा, आम्हाला कापूस भरायचाय.

मी शेवटची त्या खोलीत गेले तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. अर्धी खोली पांढरीशुभ्र, उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगतायत... आणि पोरं त्या ढिगाला टेकून गाढ झोपलेली. मला वाटलं, आपणही इथेच आडवं व्हावं, कुणी उठवू नये.

शेवंताबाई दारात बसल्या होत्या. "ताई, जागा नाही भेटली तर ही बठ्ठी पोरं मायसंगे वावरात जातील, मंग परत नाही येत," एवढंच म्हणाल्या.

नानांनी वार्तापत्रात 'जागेची निकड' असा दीड पानी लेख लिहिला. मी म्हटलं, नाना, हे कोण वाचणार? तर म्हणाले, "भाषा भारदस्त हवी."

इकडे शेवंताबाईंनी आपला साधा मार्ग काढला. चंपाषष्ठी झाली होती, वांगी जोरात होती. मळ्यात भरिताचा बेत करायचा, गावाला बोलवायचं आणि जेवण झालं की जागेचं विचारायचं. भरीत खाल्लेला माणूस नाही म्हणत नाही, हा त्यांचा हिशोब.

गावात वाटायला चार ओळी त्यांनी सांगितल्या, मी तशाच टाइप केल्या. दिवस, गावाचं नाव, आणि खाली... 'बठ्ठा जन या. मळामा भरीत शे, कळनानी भाकर शे. आम्ही वाट देखी ऱ्हायनूत. तुमची शेवंता.' म्हणजे सगळे जण या, मळ्यात भरीत आहे, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आहे, आम्ही वाट बघतोय.

पन्नासेक कागद काढायचे होते. पण नाना पडले काटकसरी! शेजारी वार्तापत्राचा गठ्ठा होता, एका बाजूने छापलेला. "मागची बाजू कोरी ठेवायची म्हणजे पाप," म्हणत त्यांनी गावासाठी त्यातलेच कागद मशीनला लावले. दांडा एकदा लयीत आला की नानांची तंद्री लागायची... अख्खा गठ्ठा संपेपर्यंत ते फिरवतच राहिले. मी तेव्हा पाकिटं करत होते. मागची बाजू न बघताच घड्या घातल्या, तिकिटं लावली, पोस्टात टाकून आले.

दुसऱ्या दिवशी उरलेला कागद उलटून बघितला आणि तशीच धावत नानांकडे गेले. भरिताचं आमंत्रण मुंबईला गेलं होतं! नाना डोकं धरून बसले. "अगं, आली सगळी मुंबई तर वांगी कुठून आणायची?"

मुंबई काही आली नाही. मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, निळसर धूर सगळ्या शिवारावर पसरला होता. तेवढ्यात बांधावरून एक साठीच्या बाई चालत आल्या. हातात आमचंच वार्तापत्र, मागची बाजू वर.

"शेवंता कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच शे. या अक्का, बठा."

त्या बसल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून रडायला लागल्या. त्या याच गावच्या लेक. आई-वडील गेले, भाऊ सुरतेला. लग्न होऊन कल्याणला गेल्या, माहेर असं उरलंच नव्हतं. "इतक्या वर्षांत मला इथून कुणी या म्हटलं नाही गं," म्हणाल्या. आमचं वार्तापत्र त्या दर वेळी न वाचता ठेवून देत. या वेळी ते टेबलावर उलटं पडलं होतं, एवढंच.

शेवंताबाईंनी त्यांना पोटभर जेवू घातलं. जागेचा विषय काढायचं त्या विसरूनच गेल्या! अक्कांनीच विचारलं, पोरं कुठे बसतात? मग गावाच्या कडेला भावाचं रिकामं खळं होतं, तिथे सगळ्यांना घेऊन गेल्या. भावाला मी सांगते म्हणाल्या, आणि सांगितलंही. उन्हाळ्याच्या आत त्या खळ्यावर बालवाडीची खोली उभी राहिली.

निघताना शेवंताबाईंनी त्यांची ओटी भरली. खण-नारळ कुठला तिथे मळ्यात... चार हिरवी वांगी घातली. बसच्या खिडकीत अक्का ती वांगी पदरात धरून बसल्या होत्या, बस वळेपर्यंत.

भाचीने हे सगळं ऐकलं आणि लॅपटॉप मिटला. आज सकाळी तिचं वार्तापत्र मला आलं. एकच फोटो, चार ओळी, आणि शेवटी, 'रविवारी आमच्याकडे भरीत आहे. वाट बघतोय.'

नाना, शेवंताबाई, तुमची फार आठवण आली. मी बॅग भरायला घेतलीये.