रकाना सात

खनिज तपासणी कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून एक खिडकी होती. तिच्यामागे सत्तावीस वर्षं एकच माणूस बसत होता. आभाळातून पडला म्हणून लोक जो दगड आणत, तो तपासून 'नाही' म्हणायचं, हे त्याचं काम. म्हणून लोक त्याला नकारसाहेब म्हणत. साहेबांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून रबरी शिक्का करून घेतला होता: 'हा दगड आकाशातून पडलेला नाही.' दुसऱ्या शिक्क्याची गरज कधी पडलीच नाही.

माणसांविषयी साहेबांचं मत फार वाईट होतं, आणि खरं सांगायचं तर माणसांनीही ते सुधारायचे कष्ट घेतले नव्हते. कोणी लोखंडाच्या भट्टीतली मळी आणी, कोणी नदीतला गोटा मखमलीत गुंडाळून आणी. एका हेडमास्तरांनी तर वाळलेला सिमेंटचा गोळा आणला होता, तोही प्रार्थनेच्या वेळी शाळेला दाखवून झाल्यावर. साहेब आधी गोड आवाजात विचारत, "पडल्या पडल्या उचललात ना? मग हाताला कसा लागला?"

"निखारा हो साहेब! हा बघा फोड!"

की साहेब खूश. कारण अवकाशात कोट्यवधी वर्षं गारठलेला दगड हवेतून येताना काही सेकंदच जळतो. वरचं साल वितळून उडून जातं, आतला गारठा तसाच राहतो. खाली येईपर्यंत तो बहुधा गार, फार तर कोमट. फोडवाला तिथेच बाद. मग त्याला रांगेसमोर उभं करून साहेब प्रवचन देत. "मंगळ आणि गुरू यांच्या मधोमध हा राडारोडा फिरतोय. ग्रह बांधून झाल्यावर उरलेला. गुरूनं ओढाताण केली म्हणून त्याचा ग्रह झाला नाही. सगळे लघुग्रह एकत्र केलेत तरी आपल्या चंद्राच्या पासंगाला पुरणार नाहीत. आणि त्यातला तुकडा नेमका तुमच्या गच्चीवर?"

जग बुडेल का, असं कोणी विचारलं तर साहेब म्हणत, "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक पडला होता, दहा-बारा किलोमीटरचा. त्यात डायनोसॉर गेले. तुमच्यासाठी एवढा मोठा कशाला लागतोय?"

सत्तावीस वर्षांत खिडकीपुढच्या एकानेही 'गार' म्हटलं नव्हतं.

फॉर्ममध्ये साहेबांचा लाडका रकाना सातवा. 'याआधी दगड कोणाला दाखवला? त्याने काय सांगितलं?' लोक बिचारे प्रामाणिकपणे लिहीत: सोनाराला, भंगारवाल्याला, जावयाला. साहेब ते रांगेला ऐकू जाईल असं वाचत. "जावयाला! वा! केवढा अधिकारी माणूस!" रांग हसे. आपली पाळी यायची आहे हे विसरून हसणाऱ्या माणसांची कीवच करावी.

त्या मंगळवारी तेरा नंबरच्या टोकनवाल्याने हा रकाना कोरा ठेवला होता. "एकही रकाना रिकामा चालत नाही," साहेबांनी त्याला झापलं. तो बाजूला उभा राहून आठवू लागला, आणि खिडकीत चौदा नंबर आला. चौदा नंबर म्हणजे साहेबांची थोरली बहीण.

ताई शाळेचे गणवेश शिवायची. तिने कापडी पिशवीतून काळा, अंगावर गंजाचे डाग पडलेला दगड काढून खिडकीत ठेवला. साहेबांनी तो लगेच ओळखला. घरी स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो वर्षानुवर्षं तिथे लावलेला असे.

"ताई, इथे कशाला आलीस? घरी बोलायचंस."

"घरी तू दात काढतोस. फॉर्म दे."

वडिलांना जाऊन वीस दिवस झाले होते. अण्णा रोडरोलर चालवत. साहेबांना नोकरी लागून दोन महिने झाले असतील, तेव्हा एका दुपारी अण्णा हा दगड टॉवेलात घेऊन आले. "कापड टरकन फाटावं तसा आवाज झाला आणि खडीच्या ढिगावर पडला," ते म्हणाले. "हात लावला तर गार!" तेव्हा नव्या नोकरीची हवा डोक्यात गेलेला त्यांचा मुलगा सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणाला, "अण्णा, जळत आलेली वस्तू गार? डांबराच्या भट्टीपाशी पडलेला कोळसा उचलून आणलात!" शेजारी खो खो हसले. अण्णांना 'आकाशवाले' हे नाव चिकटलं ते कायमचं. अण्णा पुन्हा त्या दगडाविषयी बोलले नाहीत.

दोन वर्षांनी खात्याच्या प्रशिक्षणात साहेबांना गारठ्याची गोष्ट कळली. त्या दिवशी त्यांना स्वयंपाकघराचं दार आठवलं होतं. खोटं कशाला बोला, लख्ख आठवलं होतं. पण घरी जाऊन 'अण्णा, माझं चुकलं' म्हणायला या विद्वानाची जीभ वळली नाही. त्याने 'हाताला कसा लागला' हा प्रश्न खिडकीवर येणाऱ्यांना पकडायला ठेवून दिला आणि त्यावर पंचवीस वर्षं मिशा पिळल्या. अण्णा गेले तेव्हा भेटायला आलेला एकजण म्हणाला, "आकाशवाले शेवटी आकाशात गेले." त्यावर साहेबही हसले. ताईने ते पाहिलं होतं.

साहेबांनी दगडाजवळ दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक धरलं. ते दगडाकडे ओढलं गेलं. मग त्यांनी दगडाचा एक कोपरा घासला. आत करड्या रंगात धातूचे ठिपके चमकत होते, आणि मोहरीएवढे गोल गोल कण. पृथ्वीवरच्या कुठल्याही दगडात असे कण नसतात. पृथ्वी पुरती घडायच्या आधीचे, साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचे ते कण. आणि यांच्या घरी ते दार अडवायला!

"ताई, मी घरी येऊन सगळ्यांना सांगतो. फॉर्म राहू दे."

"नको. लोकांना देतोस तसं लिहून दे."

साहेबांचा हात सवयीने शिक्क्याकडे गेला आणि परत आला. त्यांनी हाताने लिहिलं, 'होय.' शोधणाऱ्याचं नाव म्हणून अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं. गरम की गार? गार. मग सातव्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"हा रकाना कोरा ठेवला तरी चालतो," साहेब हळूच म्हणाले.

"मला तर चालत नाही म्हणालात," तेरा नंबरवाला म्हणाला.

साहेबांनी लिहिलं, 'मुलाला.'

"एवढंच नको," ताई म्हणाली. "मुलगा काय काम करतो, तेही लिही."

त्यांनी तेही लिहिलं. मुलाने काय सांगितलं, तेही लिहिलं, आणि फॉर्म पुढे सरकवला. ताईने तो पुन्हा आत ढकलला.

"आता वाच. रांगेला ऐकू जाईल असं."

साहेब उभे राहिले. "मुलाला दाखवला. मुलगा याच कार्यालयात दगड तपासतो. तो म्हणाला, कोळसा."

कोणी हसलं नाही. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणाले?" आणि ताई म्हणाली, "परत वाच."