बांगडा राहिला

बातमी आली तेव्हा मी मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगड्यांच्या वाट्यासमोर उकिडवा बसून डोळे तपासत होतो. म्हणजे माशांचे, माझे तपासायची वेळ केव्हाच टळून गेली आहे. खिशातला फोन वाजला. वसईच्या मठातून होता. पलीकडची सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "सर, सिस्टर इमेल्डा पहाटे गेल्या. झोपेतच." मी म्हटलं, "बरं." माणूस गेल्याच्या बातमीला 'बरं' म्हणणारा सबंध रत्नागिरी तालुक्यात मी एकटाच असेन. फोन बंद केला आणि तसाच बसून राहिलो. मासेवाली वैतागली. "मास्तर, काय झाला वो? घ्यायचा नसंल तर हात तरी काढा त्याच्यावरना." माझा हात बांगड्यावरच होता. मी उठलो, पिशवी तिथेच टाकली आणि चालत घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझ्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. "मासे?" मी म्हटलं, "सिस्टर गेल्या." ती उंबऱ्यातच टेकली. मग म्हणाली, "म्हणजे आता शनिवारचा फोन कधीच नाही यायचा?"

सिस्टर इमेल्डा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा ख्रिस्ती, पहिली ते चौथी, मराठी माध्यमाची. मुलं मात्र बहुतेक बंदरावरची, बापाची होडी आणि आईची माशांची पाटी अशा घरांतली. बाकीची वरच्या वाड्यांतली, ज्यांचे बाप मुंबईला. मी नाटे गावचा, तांडेलाचा मुलगा. माझ्या बापाने होडीवर आयुष्य काढलं आणि मी होडीत पाय ठेवला की सकाळचा चहा दर्याला अर्पण करायचो. दोनदा नेऊन पाहिल्यावर बाबा म्हणाले, "तू आपला शाळेत जा." शिकायला जा, असं त्यांना म्हणायचं असावं. मी कायमचाच गेलो. मुलाखतीत सिस्टरांनी विचारलं, "ख्रिस्ती धर्माबद्दल काय माहिती आहे?" मी खरं तेच सांगितलं, "नाताळला सुट्टी असते." त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. खांदे हलत होते. सोमवारपासून मी कामावर रुजू झालो.

पहिल्याच नाताळात त्यांनी मला येशूजन्माचा गोठा उभा करायला सांगितला. गणपतीची मखरं करण्यात माझा हातखंडा, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी थर्माकोलचे खांब कोरले, वर झिरमिळ्या लावल्या, लुकलुकणारे दिवे सोडले, मारिया-योसेफ बसवले आणि मधोमध गव्हाणीत बाळ ठेवून दिलं. सिस्टर आल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सर, बाळ आठवडाभर आधीच झालं की हो!" ते नाताळच्या आदल्या रात्रीच ठेवायचं असतं, हे मला कोण सांगणार? मी घाईघाईने बाळ उचलून खिशात टाकलं. "खिशात नको, कपाटात ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि झिरमिळ्या राहू देत. गरिबाघरचं बाळंतपण आहे, तेवढी हौस होऊ दे." इथवर ठीक होतं. पण नाताळ झाल्यावर मी अदबीने विचारायला गेलो, "सिस्टर, विसर्जन कधी? दीड दिवसाचा आहे की पाच?" त्या एवढ्या हसल्या, की शेजारच्या वर्गातली मुलं उठून दाराशी आली. पुढे दर नाताळात गोठा आवरायची वेळ झाली, की दारातूनच विचारायच्या, "काय सर, कितव्या दिवशी बोळवायचं हो आपण?"

पण सिस्टर म्हटलं, की मला पहिल्यांदा आठवतो तो परिपाठ. सुविचार आणि दिनविशेष सगळ्याच शाळांत असतात. आमच्याकडे त्यानंतर बातम्या असायच्या, आणि त्या दोन तऱ्हांच्या. आधी चौथीतला कुणीतरी वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचायचा. मग घरच्या बातम्या. ज्याच्याकडे असेल त्याने हात वर करायचा, पुढे यायचं आणि एका वाक्यात सांगायचं. 'आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली.' 'बाबा शिमग्याला येणार नाहीत.' 'आजीची कवळी सापडली.' सिस्टर प्रत्येक बातमी फळ्यावर लिहायच्या. त्यांतल्या कुठल्या बातमीसाठी आज प्रार्थना करायची, ते ठरवायचा मान पहिलीच्या वर्गाचा. एकदा कुठल्याशा लढाईची बातमी मागे पडली आणि पहिलीने एकमताने शेळी निवडली. मी सिस्टरांच्या कानात म्हटलं, "लढाई मोठी नाही का?" त्या म्हणाल्या, "लढाईसाठी खूप लोक हात जोडून बसले असतील, सर. शेळीला आपणच आहोत."

मग सगळे डोळे मिटून गप्प उभे राहायचे. ज्याने त्याने आपापल्या देवाशी बोलावं, अशी सिस्टरांची रीत. माझी पंचाईत अशी, की सर्वांदेखत देवाशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही. गप्प राहावं तर मुलं एक डोळा उघडून बघणार. म्हणून मी लहानपणी बाबांनी पाठ करून घेतलेली माशांची नावं पुटपुटायचो. बांगडा, सुरमई, सौंदाळा, पेडवा, लेपा, ढोमी… ओठ हलायचे, चेहरा गंभीर. कैक वर्षं हे निर्धास्त चाललं. मग एके दिवशी आमेन म्हणून झाल्यावर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर, समोर बघतच, हळूच म्हणाल्या, "आज सौंदाळा राहिला, सर." मी माफी मागायला ऑफिसात गेलो तर म्हणाल्या, "अहो, प्रभूचे पहिले चेले मासेमारच होते. त्यांनी तरी सुरुवातीला दुसरं काय पुटपुटलं असेल? चालू द्या. फक्त ओळीने म्हणा, म्हणजे मलाही बरं पडतं." तेव्हापासून त्या माझी माळ रोज ऐकायच्या आणि मासा चुकला, की हटकायच्या.

फळ्याचा एक नियम होता. घरची बातमी पुरी झाल्याशिवाय पुसायची नाही. आणि ती पुसायची ज्याने आणली त्याने, डस्टरने नव्हे, उघड्या तळहाताने. बाप मुंबईहून आला, ताप उतरला, की मूल पुढे येऊन पुसायचं आणि पांढरा हात घेऊन दिवसभर मिरवायचं. संध्याकाळी वाडीत कळायचं, ह्याच्या घरची काळजी मिटली. सगळ्याच बातम्या काही चांगल्या संपत नसत. आजोबा वारलेलं पोर पुसायला आलं, की सिस्टर त्याचा तो पांढरा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवायच्या. त्यांच्या झग्याला मग खडूचे डाग पडायचे. ते त्या झटकत नसत.

एका वादळात तिसरीतल्या सानिकाने सांगितलं, "बाबांची होडी आली नाही अजून." फळ्यावर ती ओळ राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. बाकीच्या बातम्या तिच्याभोवती अंग चोरून लिहिल्या जायला लागल्या. मला राहवेना. शाळा सुटल्यावर भगवती किल्ल्यावर चढलो. आणि खरोखर, बंदराकडे एक होडी येत होती, हिरव्या पट्ट्याची! सानिकाच्या बापाच्या होडीला हिरवा पट्टा होता. मी धावत, घसरत, चप्पल हातात घेऊन खाली आलो. सानिका आईबरोबर शाळेच्या पायरीवर बसली होती. मी ओरडलो, "आली! होडी आली!" सानिका आत पळाली आणि तिने ओळ पुसली. थोड्या वेळाने होडी धक्क्याला लागली. ती दुसऱ्याच कुणाची होती. पट्टा निळा होता… तांडेलाच्या मुलाला एवढंही कळू नये! सानिका रडली नाही, नुसती आपल्या हाताकडे बघत राहिली. सिस्टरांनी तो हात धुतला, पुसलेल्या जागी तीच ओळ पुन्हा लिहिली आणि मला एवढंच म्हणाल्या, "सर, चष्मा घ्या. पण धावलात ते बरं केलंत."

होडी जयगडला आसऱ्याला लागली होती, इंजिन बंद पडून. बाप सुखरूप आला. पण तो शाळेत येऊन समोर उभा राहीपर्यंत सानिकाने फळ्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी परिपाठात काहीतरी सांगायला उभा राहिलो आणि मागून कुणीतरी विचारलं, "सर, खरी ना?" सगळा हॉल हसला. सिस्टर सर्वांत मोठ्याने. आणि तिथून रीतच पडली. घरची बातमी कुणीही सांगो, शाळा एका सुरात विचारणार, "खरी ना?" आणि सांगणाऱ्याने म्हणायचं, "खरी." आजही म्हणतात. ही रीत का पडली, ते आताच्या मुलांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, बायबलमधलीच असेल.

मग सिस्टरांची वसईला बदली झाली. त्यांच्यात वरून आदेश आला, की एक बॅग भरायची आणि निघायचं, 'का' विचारायचं नाही. मी स्टँडवर पोचवायला गेलो आणि नेहमीप्रमाणे घोळ घालून त्यांची बॅग भलत्याच गाडीत ठेवली. बॅग पुढच्या थांब्यावरून परत आली. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "एक तास जास्त मिळाला." त्या तासात आम्ही बाकड्यावर बसून भजी खाल्ली. पुढे दर शनिवारी संध्याकाळी फोन यायचा. नमस्कार नाही, तब्येत कशी नाही, थेट, "सर, बातमी?" मी निवृत्त झालो तरी फोन चुकला नाही. शनिवारी सांगायला काहीतरी हवं म्हणून मी आठवडाभर गावभर कान लावून फिरायचो. बायको म्हणायची, "तुमचं आपलं रिकामटेकडं वर्तमानपत्र!"

यंदा एका शनिवारी फोन आला नाही. मग कळलं, अंथरुणाला खिळल्यात. मी शाळेत गेलो. आताच्या मुख्याध्यापिका सिस्टर लवीना, वयाने माझ्या मुलीएवढ्या. परिपाठ चालला होता. इतकी वर्षं मुलांच्या बातम्या ऐकल्या, पण घरची बातमी म्हणून स्वतः कधी हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला. "सिस्टर इमेल्डा आजारी आहेत." "खरी ना?" "खरी." सिस्टर लवीनांनी ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली. आठवड्याने मी वसईला जाऊन आलो. सिस्टर खूप लहान झाल्या होत्या, उशीत मावतील एवढ्या. मला ओळखलं नाही. "या फादर," म्हणाल्या. एवढी बढती मला उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. संध्याकाळी बाकीच्या सिस्टर जपमाळ म्हणायला बसल्या. मी त्यांच्या खाटेशी बसलो आणि सवयीने ओठ हलायला लागले. सुरमई, सौंदाळा, पेडवा, लेपा… मन थाऱ्यावर नव्हतं. मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "बांगडा राहिला, सर."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

त्या गेल्या, चर्चमध्ये मिस्सा झाली, माती झाली. शाळेच्या फळ्यावर माझी ओळ तशीच होती. सिस्टर लवीनांचा निरोप आला, "सर, बातमी तुमची आहे. मुलं रोज विचारतात, बऱ्या झाल्या का?" मी म्हटलं, येतो. गेलो नाही. पुन्हा निरोप आला. सर्दीचं कारण सांगितलं, मग गुडघ्याचं. खरी गोष्ट अशी, की गेलो असतो तर मुलांनी विचारलं असतं आणि मला तो एक शब्द म्हणावा लागला असता. तोवर कोपऱ्यात का होईना, सिस्टर नुसत्या आजारी होत्या. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्या पोरांना किती दिवस ताटकळत ठेवणार? सानिकाला एकदा खोटी आशा लावलीत, तेवढं पुरे नाही?"

गेलो. पुढे उभा राहिलो. एका वाक्यात सांगायचं. "सिस्टर इमेल्डा वारल्या." सगळी शाळा एका सुरात म्हणाली, "खरी ना?" मी चष्मा काढून खिशात ठेवला. मुलं थांबली. त्यांना थांबायची सवय आहे. मग मी म्हटलं, "खरी." फळ्याशी गेलो, तळहात टेकवला आणि पुसलं. हात पांढरा झाला. कुठे ठेवावा, कळेना. सिस्टर लवीनांनी पहिलीकडे पाहिलं. त्या दिवशी बातम्या बऱ्याच होत्या. कुणाकडे वासरू झालं होतं, कुणाची आई इस्पितळात होती. पहिलीने आपसांत कुजबुज केली आणि दोन वेण्यांची एक मुलगी उठून म्हणाली, "सरांसाठी." सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले आणि म्हणायला लागलो. सुरमई, सौंदाळा, पेडवा, लेपा, ढोमी… बांगडा मुद्दाम वगळला. आणि थांबलो. पंखा फिरत होता. कुणीतरी शिंकलं. मुलं आमेन म्हणाली. माझं नेहमीसारखं मागाहून आलं.

परतताना जेटीवरून आलो. त्या दिवसापासून तिकडे फिरकलो नव्हतो. मासेवालीने माझी पिशवी धुऊन, घडी घालून ठेवली होती. ती देताना माझा हात बघून म्हणाली, "मास्तर, हात कसला वो पांढरा?" मी म्हटलं, "शाळेत गेलो होतो." तिचा मुलगा आमच्याच शाळेतला. तिने आणखी काही विचारलं नाही. ओल्या हाताने वाट्यावरचं फडकं तेवढं बाजूला केलं. "आज चांगलं हाइत. देऊ?" ताजे होते, डोळे लख्ख. मला चष्म्याशिवायही दिसत होतं.

मी म्हटलं, "सुरमई दे. बांगडा राहू दे."